दरोग्याची मोहर

त्या घरी जेवताना लोणचं हवं असलं तर दोन पंच लागत. एक मी आणि दुसऱ्या दरोगासाहेबांच्या पत्नी, काकू. दरोगासाहेब फडताळातून बरणी काढून आमच्यापुढे ठेवीत आणि झाकणावरच्या लाखेकडे बोट दाखवून विचारीत, "मोहर साबूत हाय का?" आम्ही दोघांनी "साबूत आहे" म्हटलं की मगच चाकूच्या टोकानं लाख फुटे. दोन फोडी माझ्या ताटात पडत. लगेच मेणबत्ती पेटे, लाखेची कांडी वितळे आणि गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला अडकवलेला पितळी शिक्का झाकणावर पुन्हा उमटे. मग वही निघे. तारीख, वार, आंब्याचं लोणचं, फोडी दोन, पंचांच्या सह्या. तोवर माझा भात गार झालेला असे.

"जेवा वो तुमी," काकू हसू दाबत म्हणत. "ह्यांचा पंचनामा काय आज सरत न्हाई."

नुसतं लोणचंच नव्हे. तुपाची बरणी, तंबाखूचा डबा, बियाण्याची गाडगी, कपडे ठेवायची पेटी, सगळ्यांवर लाल लाखेचा टिळा. एकदा तर काकूंनी शेजारणीकडून सुई मागून आणली, कारण घरातल्या सुया सीलबंद होत्या आणि दरोगासाहेब बाजारला गेले होते. सील तोडायची काकूंची हिंमत नव्हती असं नाही. पण पुढचे चार दिवस जी चौकशी चालली असती ती त्यांना नको होती.

गाव त्यांना दरोगा म्हणे. निजामाच्या राज्यात ते आबकारीत होते. म्हणजे दारू, शिंदी, हातभट्टी यांच्यामागे घोड्यावरून हिंडायचं, मडकी जप्त करायची, त्यांना लाख लावायची आणि गुन्हा शाबीत करायचा. पुढे निजाम गेला, मराठवाडा महाराष्ट्रात आला, दरोग्याचा इन्स्पेक्टर झाला आणि इन्स्पेक्टराचा पेन्शनर. जुना शिक्का त्यांच्या गळ्यात कसा राहिला हे विचारायचं मला धाडस झालं नाही. आणि अशा माणसानं पेन्शनीत करावं काय? तर द्राक्षं लावावीत! हैदराबादहून काड्या आणून तीन एकरांत अनाबेशाही जातीची. जन्मभर दारूच्या मागे धावलेला माणूस द्राक्षाच्या मांडवाखाली खाट टाकून बसला, हे बघून गावानं तोंडात बोट घातलं. माल न्यायला आलेल्या व्यापाऱ्याकडून ते लिहून घेत, की ही द्राक्षं फक्त खाण्यासाठी आहेत. व्यापारी हसत आणि सही करीत.

मी तेव्हा परभणीत एका फळबाग योजनेच्या लहानशा कचेरीत तात्पुरता सहायक होतो. दर तीन महिन्यांनी साहेबांची सही झाली तर मी होतो, नाहीतर नव्हतो. आमच्या घरातला पगार घेणारा मी पहिलाच. आई पौर्णिमेला विहारात मेणबत्ती लावताना डोळे मिटून काय पुटपुटायची हे मला न विचारता माहीत होतं. त्यात माझा स्वभाव मुळातला घाबरट. साहेबांनी चहा नको म्हटलं तरी माझं काय चुकलं हे मी दिवसभर शोधत बसे.

माझं काम दर गुरुवारी त्या बागेत जाऊन वेलींची वाढ, पानांवरचे ठिपके, घडांची संख्या कागदावर भरून आणायचं. सेलूकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं सेलूच्या अलीकडच्या एका स्टेशनवर उतरायचं आणि दोन मैल चालायचं. गाव इतकं शांत, की माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा होई. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. लिंबाखाली ओट्यावर बसलेली चार माणसं मला बघून बोलायची थांबत. माझ्याबद्दलच चाललं होतं, असं मला दर वेळी वाटे. आता कळतं, ती बिचारी झोपेला आलेली असत.

बागेच्या फाटकाशी दरोगासाहेब उभे. "पिशवी उघडा, बाबू." हैदराबादी सवयीनं ते मला बाबू म्हणत. पिशवीत डबा, कागद, पाण्याची बाटली. बाटलीचं झाकण काढून ते नाकाशी धरीत, डोळे मिटून खोल वास घेत आणि परत देत. "पाणीच हाय." दर गुरुवारी ते पाणीच निघे आणि दर गुरुवारी मला घाम फुटे.

बागेत आणखी एक माणूस होता, गेनबा माळी. साठीच्या पुढचा, पाठीत वाकलेला, हातात कायम छाटणीची कात्री. त्या भागात द्राक्षाच्या वेलीला कुठे कात्री लावायची हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. गंमत अशी, की दरोगासाहेब त्याच्याशी बोलत नसत. ते वेलींशी बोलत.

"ह्या ओळीला पाणी कमी पडलंय," ते एका वेलीला सांगत.

"सकाळीच दिलंय," गेनबा शेजारच्या वेलीला सांगे.

"घड इरळ करायला पायजेत."

"करायलोय की."

दहा वर्षं हे असंच चाललं होतं म्हणे. मी कचेरीत त्यांची नक्कल करून दाखवली तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

एकदा मी धीर करून विचारलंच, की एवढी लाख कशासाठी. ते खाटेवर उठून बसले. "बाबू, एकदा मोहर लागली की आत काय हलत न्हाई. पाच दिवसांनी उघडा, पाच वर्सांनी उघडा. जे बंद केलं तेच निघणार. सरकार ह्याच्यावर चालतं." हे म्हणताना त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. पलीकडच्या ओळीत कात्री चालायची थांबली. बराच वेळ थांबली. मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

मार्चमध्ये घड भरले. साहेबांनी सांगितलं, बागेतच रस काढून तीन बाटल्या आणा, गोडी आणि आंबटपणा मोजायचा आहे. संध्याकाळच्या आत माझ्या हातात द्या, मी बर्फाची सोय करतो.

मी रस मागितला तेव्हा दरोगासाहेबांचा चेहरा उतरला.

"रस?"

"हो. तीन बाटल्या."

"आन् तो इथून परभणीला जाणार?"

"हो."

ते उठून मांडवाखाली एक फेरी मारून आले. काकूंनी पातळ फडक्यातून रस गाळला. बाटल्या भरल्या, बुचं ठोकली. "बिनामोहर रस माझ्या फाटकाबाहेर जाणार न्हाई," दरोगासाहेब म्हणाले आणि त्यांनी कांडी पेटवली. रोज लाख लावणारा तो माणूस, पण त्या दिवशी कांडी तिरकी धरली गेली. वितळलेली लाख बोटावर पडली तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. मांडवाच्या खांबाला टेकून गेनबा बघत होता.

"मोहर कंदी उघडली आन् आत काय निघालं, ते मला येऊन सांगायचं," त्यांनी मला बजावलं. "इसरायचं न्हाई."

फाटकापाशी काकू हळूच म्हणाल्या, "सगळ्याला लाख लावतेत हे. द्राक्षाच्या रसाला आजवर लावली न्हवती."

त्या दिवशी गाडी दोन तास उशिरा आली. मी कचेरीत पोचलो तर कुलूप. साहेब होळीसाठी गावी निघून गेले होते. रखवालदारानं मागची पत्र्याची खोली उघडून दिली. रस उन्हाळ्यात असा ठेवायचा नसतो हे मला चांगलं माहीत होतं. बर्फ शोधायला मी अर्ध्या बाजारात फिरलो, तर दुकानं बंद. शेवटी ओलं पोतं गुंडाळून बाटल्या कोपऱ्यात ठेवल्या आणि माझ्या खोलीवर जाऊन चार दिवस समोरच्या पत्र्यांवरच्या उन्हाकडे बघत बसलो.

मंगळवारी खोली उघडली तेव्हा आंबूस वास अंगावर आला. दोन बाटल्यांची बुचं उडाली होती. लाखेचे तुकडे जमिनीभर, आणि फेसाळ रस साहेबांच्या जुन्या फायलींवर वाळलेला. तिसऱ्या बाटलीचं बूच फुगून वर आलं होतं, पण लाखेनं ते कसंबसं धरून ठेवलं होतं. त्या लाखेवरचा शिक्का स्पष्ट वाचता येत होता.

मला दारूबंदीचे कायदे आठवले, पोलीस आठवले, आई आठवली. मी फिनेलनं फरशी पुसली, फायली उन्हात वाळवल्या आणि तिसरी बाटली धोतराच्या जुन्या कापडात गुंडाळून माझ्या भाड्याच्या खोलीत ट्रंकेत लपवली. फेकून द्यायला कुठे जायचं आणि फेकताना कुणी पाहिलं तर काय सांगायचं, हेही सुचत नव्हतं. साहेबांना सांगितलं, द्राक्षं अजून कच्ची आहेत म्हणून रस आणला नाही. त्यांनी मान वर न करता "बरं" म्हटलं.

गुरुवारी दरोगासाहेब फाटकाशी उभे होतेच. त्या दिवशी त्यांनी पिशवी तपासली नाही.

"उघडली?"

"उघडली."

"कितव्या दिवशी?"

"पाचव्या."

"मोहर?"

"साबूत होती."

"आन् आत?"

खरं सांगितलं असतं तर ते परभणीला पत्र लिहिणार, साहेबांना कळणार, तीन महिन्यांची सही जाणार. मी म्हणालो, "रसच होता. गोड."

त्यांनी मला तीनदा तेच विचारलं. तीनदा मी तेच सांगितलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे धरले आणि एकदम खाली बसले, तिथेच, फाटकाच्या मातीत. मला वाटलं चक्कर आली. पण ते हसत होते. त्या दुपारी लोणच्याला त्यांनी एकच पंच चालवून घेतला.

पुढच्या गुरुवारी बागेत कात्रीचा आवाज नव्हता. पिकलेले घड तसेच लोंबत होते, गांधीलमाश्या घोंगावत होत्या. दरोगासाहेब स्टेशनकडे मजूर बघायला गेलेले. काकू ओसरीवर एकट्या बसल्या होत्या.

"गेनबा आजारी आहे का?"

"न्हाई," काकू म्हणाल्या. "ह्यांनी त्याला माफ केलं."

मला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. निजामाच्या काळात गेनबा ह्याच गावात एका देशमुखाच्या मळ्यावर माळी होता. मळ्यात द्राक्षाचे दोन-तीन जुने वेल होते. बायको तापानं फणफणली होती, म्हणून तिच्यासाठी तो मडक्यात रस घेऊन घरी निघाला होता. वाटेत दरोग्यानं धरलं. रस आहे म्हणून तो गयावया करत होता. दरोग्यानं मडक्याला मोहर लावली आणि तपासणीला वर पाठवलं. वैशाखातलं ऊन, बैलगाडी, मग रेल्वे. पाच दिवसांनी मडकं उघडलं तर आत दारू. गेनबाला सहा महिने सजा झाली. बायको चांगली झाली, पण दारू गाळणाऱ्याच्या घरात नांदणार नाही म्हणून पेडगावला भावाकडे निघून गेली. ती परत आली नाही.

"पेन्शन झाल्यावर हे इथंच येऊन ऱ्हायले," काकू म्हणाल्या. "त्यालाच बोलावून कामावर ठिवला. मला वाटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. तोबी त्याच्यासाठीच थांबला व्हता. दहा वर्सं! आन् परवा पह्यल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघून बोलले, तर काय? म्हणले, गेनबा, मोहर खोटं बोलत न्हाई हे आता शाबीत झालंय. तू तवा खोटा व्हतास. पर मी तुला माफ केलं." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "त्यानं कात्री खाली ठिवली आन् गेला. तवापासून आला न्हाई."

मला पाणी हवं होतं, पण मागायची लाज वाटली.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येणार नाही. ट्रंकेतून जरा खुट्ट झालं की मी दचकून उठे. खरं सांगावं तर माझी नोकरी जाणार. न सांगावं तर एक म्हातारा माणूस माझ्या एका शब्दामुळे दुसऱ्यांदा गुन्हेगार ठरून मरणार. मी आईला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. गुरुवारी सकाळी बाटली पिशवीत घातली आणि स्टेशनवर आलो. फलाटावर एक हवालदार बिडी ओढत उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही, पण माझा शर्ट पाठीला चिकटला. गाडीभर मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

फाटकाशी दरोगासाहेब हसून म्हणाले, "आता तुमची झडती न्हाई, बाबू."

"घ्या," मी म्हणालो, आणि बाटली काढून त्यांच्या हातात दिली. "ही तिसरी. बाकी दोन्हींची बुचं उडाली. मी खोटं बोललो."

त्यांनी बाटली उजेडात धरली. वर आलेलं बूच पाहिलं. शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"खोटं का बोललास?"

"भ्यालो, दरोगासाहेब. नोकरी जाईल म्हणून."

मी शिव्यांची वाट बघत होतो.

"मीबी भ्यालो व्हतो," ते म्हणाले. "मडक्याला लाख लावताना मला वास गोडच आला व्हता. पर वरून कागद आला, दारू म्हणून. भर कचेरीत उठून सांगायला पायजे व्हतं, की मी बंद केला तवा रस व्हता. न्हाई सांगितलं. नाकापेक्षा मोहरेवर इस्वास ठिवला. ते सोपं व्हतं."

मग त्यांनी वही आणि दौत-टाक घेतला, बाटली काखेत धरली आणि माळीवाड्याकडे चालू लागले. मी मागे. ओट्यावरची माणसं बोलायची थांबली, आणि या वेळी खरोखर आमच्याकडेच बघत होती.

गेनबा दारात दोरी वळत बसला होता. दरोगासाहेब त्याच्यासमोर उभे राहिले. तिथे वेल नव्हता.

"गेनबा," ते म्हणाले. "पंचनामा करायचाय."

"कशाचा?"

त्यांनी चाकू काढला आणि लाख फोडली. बूच सणकन उडून पत्र्यावर आपटलं. फेस त्यांच्या मनगटावरून खाली ओघळला आणि तो वास पसरला. त्यांनी बाटली पुढे केली, पण गेनबानं मान फिरवली. "मला नका हुंगवू. मला ठाव हाय."

दरोगासाहेबांनी वही माझ्याकडे दिली. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मोहर साबूत. लावताना आत रस. उघडताना दारू. मधे कुणी हात लावला नाही. त्याच रीतीनं गेनबाच्या मडक्यातही रस होता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे खाली पंच, दरोगा आणि आरोपी अशा सह्यांच्या जागा सोडून मी पंच म्हणून सही केली. टाक त्यांच्याकडे दिला. त्यांनी कागदाच्या तळाशी एका जागी सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"दरोगासाहेब," मी म्हणालो, "ती आरोपीची जागा आहे."

"मला वाचता येतं, बाबू."

गेनबाला वाचता येत नव्हतं. त्यानं मला कागद वाचायला लावला. एकदा, मग पुन्हा एकदा. शेवटची सही कुणाची आणि कुठे, हेही विचारून घेतलं. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. दोरी गुंडाळून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "ह्यो कागद माज्या बायकोपुढं वाचायला पायजे व्हता."

"हाय का ती?" दरोगासाहेबांनी विचारलं.

"हाय. पेडगावलाच."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पुढच्या तीन महिन्यांची सही केली नाही. माझे आठ दिवस राहिले होते, त्यामुळे पुढचा गुरुवार माझा शेवटचा गुरुवार ठरला.

फाटकाशी कुणी नव्हतं. बाग तोडून झाली होती, मांडव हलका दिसत होता. काकूंनी माझं पान वाढलं आणि लोणच्याची बरणी पुढे सरकवली. झाकणावर लाख नव्हती. खुंटीला काळ्या दोऱ्यात पितळी शिक्का टांगलेला होता.

"दोघंबी सकाळच्या गाडीनं पेडगावला गेले," काकू म्हणाल्या. "कागद पाकिटात घातला. मी सवयीनं मेनबत्ती पेटवली, कांडी पुढं केली. तर म्हणले, नको. उघडंच ऱ्हाऊ दे."